चाचणीसाठी नेट २५६ केबीपीएसवर आणायचंय: कशाने आणि कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची ठाण्यातली छोटी कंपनी आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी अँड्रॉइड ॲप बनवलंय. माल दिला की सही केलेल्या पावतीचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. ऑफिसात फायबरवर सगळं झकास चालतं. पण पोरं म्हणतात, लोअर परळच्या उंच टॉवर इमारतीतून फोटो ‘जातच नाही’, नुसतं गोल फिरत राहतं, आणि कधी कधी एकाच डिलिव्हरीच्या दोन नोंदी होतात. तुम्ही क्रोममध्ये ३जी निवडून वेब पॅनल तपासलं, तिथे काहीच सापडलं नाही. म्हणून आता विंडोज लॅपटॉपचं नेट २५६ केबीपीएसवर (सेकंदाला २५६ किलोबिट) आणणारं सॉफ्टवेअर हवंय.

सॉफ्टवेअरची नावं सांगतोच. पण तुमची खरी अडचण नुसत्या स्पीडची नाही. तुम्हाला त्या पोराच्या खिशातलं नेट ऑफिसात उभं करायचंय, आणि त्यात स्पीड हा चारांपैकी एकच भाग आहे. बाकीचे तीन म्हणजे पॅकेटला (डेटाच्या छोट्या तुकड्याला) जाऊन यायला लागणारा वेळ, वाटेत गळणारी पॅकेटं, आणि नेट मधेच पूर्ण जाऊन परत येणं. दोन नोंदींची तक्रार तर मला शेवटच्या प्रकारातली वाटते. खात्री लॉग बघितल्याशिवाय देता येणार नाही, पण पैज लावायची तर मी तिथेच लावेन.

स्पीडचा हिशेब मात्र आधी करून टाकू, कारण तो कागदावरच होतो. आजच्या फोनचा फोटो ३ एमबीचा धरा. एक बाइट म्हणजे आठ बिट, तेव्हा ३ एमबी म्हणजे २४ मेगाबिट. २५६ केबीपीएसने तो जायला ९४ सेकंद लागतात. पोराचा दिवसाचा डेटा संपला असेल तर प्रीपेड प्लॅनवर स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. मग तोच फोटो सहा मिनिटांवर जातो. आता तुमच्या ॲपमध्ये पूर्ण अपलोडला ३० सेकंदांची मुदत असेल, तर या दोन्ही ठिकाणी फोटो कधीच पोचणार नाही. तीस सेकंदांनी तुटणार, पुन्हा शून्यापासून सुरू होणार, पुन्हा तुटणार. पोराचा डेटाही जळणार. ‘जातच नाही’ हे शब्दशः खरं आहे. हे कळायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, कोडमधली मुदत आणि फोटोचा आकार एवढंच बघायचं.

मग क्रोममध्ये का दिसलं नाही? क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधला लगाम, म्हणजे वेग मुद्दाम कमी करायची सोय, ब्राउझरच्या आत, एकेका रिक्वेस्टच्या पातळीवर काम करतो. खाली टीसीपी (पॅकेटं नीट पोचवणारी इंटरनेटची पद्धत) आपल्या ऑफिसच्या पूर्ण वेगाने धावत असतो, क्रोम फक्त मिळालेला माल सावकाश हातावर ठेवतो. शिवाय तो त्या एका टॅबपुरताच असतो, फोनमधल्या ॲपला त्याचा स्पर्शही होत नाही. पान उघडताना आधी काय दिसतं, चित्रं नंतर आली तर मांडणी हलते का, हे बघायला तो उत्तम आहे आणि मी रोज वापरतो. पण तुमच्या कामाचा नाही. जाता जाता, ‘३जी’ हे नावही आता फसवं आहे. जिओने तर ३जी कधी दिलंच नाही. मुंबईत आज स्लो नेट म्हणजे बहुतेक वेळा गर्दीने भरलेलं ४जी, आणि त्याचा स्वभाव जुन्या ३जीपेक्षा वेगळा आहे. ते सारखं हळू नसतं. दहा सेकंद मस्त, मग पाच सेकंद गप्प, मग पुन्हा मस्त.

आता विंडोजवर काय मिळतं ते. क्लम्झी नावाचं छोटं, फुकट साधन आहे. ते पॅकेट अडवून धरतं, टाकून देतं, उलटसुलट क्रमाने सोडतं, दोनदाही पाठवतं. नेटलिमिटर एकेका प्रोग्रॅमचा वेग वेगळा बांधून देतो. विंडोजच्या स्वतःच्या क्वालिटी ऑफ सर्व्हिसच्या पॉलिसीनेही पॉवरशेलमधून (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) वेग बांधता येतो, पण फक्त बाहेर जाणाऱ्या डेटाचा. क्लम्झी ज्या ड्रायव्हरवर चालतं त्यावर काही अँटिव्हायरस आक्षेप घेतात, तेव्हा कंपनीच्या लॅपटॉपवर टाकण्याआधी आयटीवाल्यांना सांगून ठेवा. आणि एक नेहमीचा घोटाळा: तुमचा चाचणीचा सर्व्हर त्याच लॅपटॉपवर चालत असेल आणि तुम्ही वायफाय कार्डाचा वेग बांधलात, तर काहीच फरक पडणार नाही. ती पॅकेटं कार्डापर्यंत जातच नाहीत, लूपबॅकवरून आतल्या आत फिरतात.

पण मुळात लॅपटॉपचं नेट हळू करून तुमच्या फोनमधल्या ॲपचं काय होणार? एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा खोटा फोन, वापरत असाल तर ठीक, त्यात वेग आणि विलंब दोन्ही निवडायची सोय आहेच. खऱ्या फोनवर अँड्रॉइड १३ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये नेटवर्कचा वेग बांधायची सोय आली आहे, पण ती डाउनलोडची. तुमचा फोटो जातो अपलोडने, म्हणजे ती लावून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि तपासलेलं काहीच नसेल. आयफोनवाल्यांचं नशीब बरं, त्यांना डेव्हलपरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क लिंक कंडिशनर मिळतो. त्यात दोन्ही दिशांचा वेग, विलंब, गळती, अगदी डीएनएसचा (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याचा) उशीरसुद्धा वेगळा देता येतो.

चार्ल्स किंवा फिडलरसारखा प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्रॅम) मध्ये बसवून वेग कमी करता येतो आणि बरेच लोक तेच करतात. अडचण अशी की ॲपची जोडणी प्रॉक्सीपाशी संपते आणि प्रॉक्सी पुढे स्वतःची नवी जोडणी करतो. ऑफिसातला प्रॉक्सी चार फुटांवर असतो, त्यामुळे ॲपला जोडणी चटकन मिळते. वाटेतली गळती, अर्धवट तुटणं यातलं काही त्याला दिसत नाही. नेमके तेच प्रसंग तुम्हाला हवेत.

म्हणून अशा ॲपसाठी माझी पद्धत ठरलेली आहे: फोन आणि इंटरनेट यांच्या मध्ये एक लिनक्स मशिन. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर उत्तम, नाहीतर ऑफिसात धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. त्याला ऑफिसची केबल लावायची, त्याच्या वायफायचा हॉटस्पॉट करायचा आणि चाचणीचा फोन त्या हॉटस्पॉटला जोडायचा. सिम काढा किंवा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर वायफाय वाईट दिसलं की काही फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि तुम्ही भलतंच नेट मोजत बसता.

त्या मशिनवर टीसी नावाची, पॅकेटांची वाहतूक आवरणारी आज्ञा असते आणि तिच्याबरोबर खराब नेटची नक्कल करणारा नेटेम. नेटेम लिनक्सच्या कर्नलचाच (मूळ गाभ्याचाच) भाग आहे, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, की टीसी मुख्यतः बाहेर पडणाऱ्या पॅकेटांवर राज्य करतो. जे पॅकेट येऊन पोचलं त्याला ‘उशिरा ये’ म्हणण्यात अर्थ नसतो. एकाच मशिनवर आत येणारा वेग बांधायचा तर आयएफबी नावाचा खोटा इंटरफेस (नेटवर्कचं दार) उभा करून पॅकेटं तिकडून वळवावी लागतात, आणि नवशिका तिथे हमखास अडकतो. मधल्या मशिनला ही कटकटच नाही. फोनकडे जाणारं सगळं वायफायच्या इंटरफेसमधून बाहेर पडतं, सर्व्हरकडे जाणारं सगळं केबलच्या इंटरफेसमधून. दोन्हींवर एकेक नियम लावला की दोन्ही दिशा हातात. अपलोड बांधायचा तर नियम केबलच्या बाजूला लावायचा, हे उलटं होऊ देऊ नका.

आज्ञेची रचना साधी आहे: टीसी क्यूडिस्क रिप्लेस, मग डेव्ह आणि इंटरफेसचं नाव, रूट, नेटेम, आणि मागे डिले (विलंब), लॉस (गळती), रेट (वेग), लिमिट (रांगेची लांबी) यांचे आकडे. तुमच्यासाठी मी सुरुवातीला दोन्ही बाजूंना १०० मिलिसेकंद डिले, अर्धा टक्का लॉस, केबलच्या बाजूला २५६ किलोबिट रेट आणि वायफायच्या बाजूला १ मेगाबिट एवढं लावेन. मोबाइलवर अपलोड बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा कमीच असतो.

या आकड्यांत दोन सापळे आहेत. पहिला, टीसीमध्ये ‘केबीपीएस’ असं लिहिलं तर तो ते सेकंदाला किलोबाइट असं घेतो, किलोबिट नाही. म्हणजे तुम्हाला वाटणार २५६ आणि चालणार आठपट. ‘केबिट’ लिहायचं. दुसरा सापळा लिमिटचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नेटेमची रांग मुळात १००० पॅकेटांची असते. दीड हजार बाइटचं एक पॅकेट, अशी हजार, म्हणजे १२ मेगाबिट. २५६ केबीपीएसने ती रांग रिकामी व्हायला जवळपास ४७ सेकंद लागतात! फोटो सुरू झाला की त्याच्या मागे उभं राहिलेलं साधं ‘लॉगिन’सुद्धा पाऊण मिनिट अडकेल. मोबाइल नेटवर्कवर रांगा लांब असतात हे खरं, पण इतक्या नाही. लिमिट ३० ठेवली तर रांग सुमारे दीड सेकंदाची होते, ती ठीक आहे. लिमिट न बदलता काढलेले निष्कर्ष मी तरी बाजूला ठेवतो.

त्याशिवाय इथटूल ही नेटवर्क कार्डाची सेटिंगं बदलायची आज्ञा वापरून त्या मशिनवरची सेगमेंटेशन ऑफलोडची सगळी सेटिंगं बंद करा. ती चालू असली की कर्नल अनेक पॅकेटं एका मोठ्या गठ्ठ्यात फिरवतो, आणि नेटेमने एक टाकलं की अख्खा गठ्ठा जातो.

नियम लावल्यावर लगेच ॲप उघडू नका. आधी मोजा. पिंग करून जाऊन येण्याचा वेळ २०० मिलिसेकंदांनी वाढलाय का बघा. मग आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन एकदा सरळ आणि एकदा उलट्या दिशेने चालवा. ब्राउझरमधल्या स्पीडटेस्टवर यासाठी विसंबू नका, त्या एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात आणि सरासरीत काय काय मिसळतात ते दिसत नाही. निम्मे ‘लगाम लावूनही फरक पडत नाही’वाले प्रश्न इथेच सुटतात: नियम चुकीच्या इंटरफेसवर असतो.

डिलेला एवढं महत्त्व का, हेही सांगतो. तुमचा सर्व्हर मुंबईतल्याच क्लाउड रीजनमध्ये असेल तर ठाण्याच्या ऑफिसातून त्याला जाऊन यायला मोजके मिलिसेकंद लागतात. नवी सुरक्षित जोडणी म्हणजे डीएनएसची एक फेरी, टीसीपीची एक, टीएलएसची (जोडणी सुरक्षित करण्याची) एक (जुनं १.२ असेल तर दोन), आणि मग तुमच्या रिक्वेस्टची. पाच मिलिसेकंदांच्या चार फेऱ्या कोणाला जाणवतही नाहीत. फेरी ३०० मिलिसेकंदांची झाली की पहिलं अक्षर यायला सव्वा सेकंद जातो, स्पीड कितीही असो. तुमचं ॲप प्रत्येक रिक्वेस्टला नवी जोडणी उघडत असेल तर हा दंड दर वेळी.

गळतीचं आणि विलंबाचं गणित तर एकमेकांत गुंतलेलं आहे. मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली जुन्या पद्धतीच्या टीसीपीसाठी एक सूत्र मांडलं. त्यानुसार १ टक्का गळती आणि १०० मिलिसेकंदांची फेरी असेल तर एका जोडणीला साधारण १.४ एमबीपीएस मिळतात, मग मागे १०० एमबीपीएसची लाइन का असेना. तीच १ टक्का गळती ५ मिलिसेकंदांच्या फेरीवर ठेवली तर २८ एमबीपीएसच्या आसपास. टीसीपीच्या वेग ठरवायच्या नव्या पद्धतींपैकी क्युबिक जरा बरं वागतं आणि बीबीआर बरंच वेगळं, पण दिशा तीच. म्हणून नुसती गळती लावून, विलंब न लावता केलेली चाचणी फारच गोडगोड निकाल देते.

मात्र उत्साहात १० टक्के लॉस लावू नका. ४जीमध्ये हवेत हरवलेलं पॅकेट फोन आणि मोबाइलचा टॉवर आपापसात पुन्हा पाठवतात, वर टीसीपीला त्याची खबरही लागत नाही. त्याला दिसतो तो फक्त उशीर. त्यामुळे खऱ्या मोबाइल नेटवर गळती कमी आणि विलंबाची चढउतार प्रचंड असते. ती चढउतार नेटेममध्ये डिलेच्या पुढे दुसरा आकडा देऊन लावता येते, पण जपून: तो प्रत्येक पॅकेटला वेगळा उशीर देतो, त्यामुळे पॅकेटांचा क्रम बदलू शकतो आणि टीसीपीला ती गळती वाटू शकते. मी चढउतार हवी असेल तर एक छोटी स्क्रिप्ट करून दर काही सेकंदांनी डिलेचा मूळ आकडाच बदलतो.

आता लिफ्ट. तुमच्या दोन नोंदींचं मूळ मला इथे दिसतं. पोरगा तेविसाव्या मजल्यावर पार्सल देतो, फोटो काढतो, ‘पाठवा’ दाबतो आणि चालत चालत लिफ्टमध्ये शिरतो. फोटो सर्व्हरला पोचलेला असतो, नोंद झालेली असते, पण ‘मिळालं’ हा निरोप परत येईपर्यंत दार बंद. फोनवर रेंजच्या दांड्या अजून दिसतायत. ॲप वाट बघतं, मुदत संपते, ‘पुन्हा प्रयत्न’ होतो. तळमजल्यावर दार उघडतं, नेट येतं, तोच फोटो नवी डिलिव्हरी म्हणून जातो. दोन नोंदी.

हे करून बघायला फोनचं वायफाय बंद-चालू करून उपयोग नाही. वायफाय बंद केलं की अँड्रॉइड ॲपला लगेच सांगतो की नेट गेलं, आणि ॲप शहाण्यासारखं वागतं. लिफ्टमध्ये असं कोणी सांगत नाही. म्हणून मधल्या मशिनवर दोन्ही इंटरफेसवर १०० टक्के लॉस ४० सेकंद ठेवायचा आणि मग आधीचे आकडे परत लावायचे. हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये घाला आणि स्क्रिप्ट त्या मशिनवरच चालू द्या. दुरून एसएसएचने जोडून हाताने टाइप करत असाल तर पहिल्याच ओळीला तुमचीही जोडणी तुटेल. आणि हे मशिन ऑफिसच्या मुख्य राउटरच्या जागी लावू नका. जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी अकाउंट्सची मंडळी तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहतील.

याच प्रकारातला आणखी एक बारीक धागा. ॲप सर्व्हरशी बोलायला ओकेएचटीटीपी ही तयार लायब्ररी वापरत असेल आणि मुदती बदलल्या नसतील तर जोडणी, वाचन, लेखन अशा प्रत्येकाला १० सेकंद असतात. ॲपच्या दृष्टीने फोटो ‘लिहून झाला’ म्हणजे तो फोनच्या कर्नलच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) गेला, सर्व्हरला पोचला असं नव्हे. समजा बफरमध्ये अजून २०० केबी शिल्लक आहेत आणि वेग ६४ केबीपीएस आहे. ते बाहेर पडायला २५ सेकंद लागणार, पण उत्तर वाचायची १० सेकंदांची मुदत आधीच सुरू झालेली. मुदत संपते, ॲप म्हणतं ‘अयशस्वी’, आणि बफरमधला उरलेला माल तरीही सर्व्हरला पोचू शकतो. लिफ्ट नसतानाही दोन नोंदी व्हायचा हा दुसरा रस्ता. सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन नोंदींतलं अंतर बघा. ते तुमच्या मुदतीच्या जवळपास येत असेल तर मामला स्पष्ट आहे.

दुरुस्ती तुम्ही विचारली नाहीत, म्हणून धावतं सांगतो. फोटो फोनमध्येच लहान करून पाठवा. पावती वाचायला १२८० पिक्सेल पुरतात आणि फाइल दोन-तीनशे केबीवर येते. प्रत्येक डिलिव्हरीचा ओळख क्रमांक फोनमध्येच तयार करा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनंच उत्तर द्यावं. पाठवायचं काम अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे (मागच्या मागे कामं करणारी सोय) द्या, म्हणजे ॲप बंद केलं तरी ते होत राहील. यातली सगळ्यात आधी करायची गोष्ट दुसरी. पहिलीने तक्रारी कमी होतील, पण दोन नोंदी दुसरीशिवाय थांबणार नाहीत.

आकडे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. मी वर दिलेले सुरुवातीचे आहेत, तुमच्या पोरांचं नेट कसं आहे ते तुमचं ॲपच सांगू शकतं. प्रत्येक अपलोडला लागलेला वेळ, फाइलचा आकार, नेटवर्कचा प्रकार आणि कितव्या प्रयत्नाला गेलं एवढं साठवा. एक आठवड्याच्या नोंदीतले सगळ्यात वाईट दहा टक्के काढा आणि नेटेमचे आकडे त्यांच्यावरून ठरवा. सरासरी घेऊ नका, सरासरीवाल्या पोरांची तक्रारच नाही.

हे मशिन काही गोष्टी दाखवणार नाही. वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना आयपी पत्ता बदलतो आणि चालू जोडणी मरते. फोनचा झोपलेला मोबाइल रेडिओ जागा व्हायला लागणारा वेळही हॉटस्पॉटवर दिसत नाही. त्यासाठी संध्याकाळी सातची ठाणे-दादर लोकल आणि टॉवरचं दुसऱ्या बेसमेंटचं पार्किंग यांना पर्याय नाही. पण तिकडे शेवटी जा. तिथे बिघाड दिसतो, पण तोच पुन्हा घडवता येत नाही, आणि डेव्हलपरला तो पुन्हा घडवूनच दाखवावा लागतो.

मशिन जमवायला दोन दिवस जाणार असतील आणि उद्याच काहीतरी करून बघायचं असेल, तर एम्युलेटरमध्ये ॲप चालवा, लॅपटॉपवर क्लम्झी सुरू करा, फिल्टर फक्त सर्व्हरच्या आयपीकडून आत येणाऱ्या पॅकेटांपुरता ठेवा. ‘पाठवा’ दाबा, आणि अपलोड संपत आला की ड्रॉप १०० टक्के करा. ॲपचा ‘पुन्हा प्रयत्न’ सुरू होईपर्यंत थांबा, मग ड्रॉप काढा आणि डेटाबेसमध्ये त्या डिलिव्हरीच्या ओळी मोजा. एकच ओळ आली तर वेळ मागेपुढे करून पुन्हा करा. दोन आल्या तर त्या क्षणाचा सर्व्हर लॉग इथे टाका, वर सांगितलेल्या दोन रस्त्यांपैकी कुठला ते त्यावरून सांगता येईल.